धर्माचा तास कोण घेणार?

मागच्या महिन्यात आपल्या बैठकीत ठराव झाला. शाळेत धर्म नको, नीती नको, संस्कार नको, असला कुठलाच तास नको. सगळ्यांनी हात वर केले. मी केला नाही. तिसरी पाळी करून आलो होतो, पेंगत असेल असं काहींना वाटलं. तसं नाही. मी जागा होतो. बाहेर चहाच्या गाड्यावर एकानं विचारलंच, "काय रं, तूबी श्लोकवाल्यांच्यात गेलास काय?" तिथं सगळे हसले आणि मला काही बोलता आलं नाही. मला तोंडानं पटकन बोलता येत नाही, लिहिताना येतं. म्हणून उत्तर इथं देतो.

तुमचं जे मला मान्य आहे ते आधी सांगतो.

२०२२ साली गुजरात सरकारनं सहावी ते बारावीच्या पोरांना गीता शिकवायचं जाहीर केलं. २०२४ च्या मे महिन्यात आपल्या महाराष्ट्रात शालेय अभ्यासक्रम आराखड्याचा मसुदा आला. त्यात मनाचे श्लोक आणि गीतेचा अध्याय पाठ करायच्या सूचना होत्या, आणि मूल्यांवरच्या प्रकरणात मनुस्मृतीतला श्लोक होता. बोंब झाली, मोर्चे निघाले, मग मनुस्मृती अभ्यासक्रमात येणार नाही असं सरकारला सांगावं लागलं. ही बोंब मारणाऱ्यांत आपणही होतो. बरोबरच होतो.

पण तो श्लोक काय होता हे आपल्यातल्या किती जणांनी बघितलं? श्लोक दिसायला एकदम साधा आहे. थोरांना नमस्कार करणाऱ्याचं, वडीलधाऱ्यांची सेवा करणाऱ्याचं आयुष्य, विद्या, यश आणि बळ वाढतं, एवढंच. यात वाईट काय, असं कुणीही म्हणेल. मास्तर म्हणेल, आईबाप म्हणतील, आपल्याच वस्तीतली म्हातारी म्हणेल. खरी गोम इथंच आहे. हा श्लोक मनूच्या दुसऱ्या अध्यायातला, १२१ वा. त्याच अध्यायात नव्वद श्लोक मागं जा. ३१ वा श्लोक बघा. तिथं पोरांची नावं कशी ठेवायची ते सांगितलंय. ब्राह्मणाचं नाव मंगल, क्षत्रियाचं बळाचं, वैश्याचं धनाचं आणि शूद्राचं नाव किळस येईल असं ठेवा.

माझ्या पणज्याचं नाव कचऱ्यावरनं ठेवलेलं होतं. त्याच्या भावाचं दगडावरनं. आजी सांगायची, आधीची पोरं जगली नाहीत, नजर लागू नये म्हणून तसली नावं ठेवली. असेल. आजी खोटं बोलायची नाही. पण मी ३१ वा श्लोक वाचला त्या रात्री मला झोप लागली नाही. आमच्याच घरावर कुणाची नजर एवढी पिढ्यान्‌पिढ्या बसली होती, हे मला त्या रात्री कळलं.

आता सांगा, १२१ वा श्लोक पोरांना पाठ करायला लावायचा आणि ३१ वा लपवायचा, याला शिक्षण म्हणायचं? ही फसवणूक आहे. या फसवणुकीला माझा तुमच्याइतकाच विरोध आहे. पण दोन्ही श्लोक लपवायचे, हा त्यावरचा इलाज आहे का? मी म्हणतो, नाही. दोन्ही श्लोक शेजारीशेजारी फळ्यावर लिहा आणि नववीच्या पोरांना विचारा, एकाच पुस्तकात, एकाच अध्यायात ही दोन वाक्यं कशी बसली? थोर कोण आणि नमस्कार कुणी कुणाला करायचा? असा तास झाला तर मनूची वकिली करणारा मास्तरच आधी घाबरेल.

माझ्या शाळेचं सांगतो. अनुदानित शाळा होती, नाव सांगत नाही, तुमच्याही तसल्याच असतील. सकाळी परिपाठ, आठवड्याला मूल्यशिक्षणाचा तास. भिंतीवर मूल्यांची यादी रंगवलेली. वक्तशीरपणा, नीटनेटकेपणा, श्रमप्रतिष्ठा, वैज्ञानिक दृष्टिकोन. श्रमप्रतिष्ठेचा पाठ आला की झाडू आमच्या हातात, आणि वैज्ञानिक दृष्टिकोनाचा पाठ आला की नारळ फोडून प्रयोगशाळेचं उद्घाटन. नववीत एकलव्याची गोष्ट सांगितली. मास्तरांनी विचारलं, यातून काय बोध घ्याल? उत्तर आधीच ठरलेलं होतं, गुरुभक्ती. मी उभा राहून विचारलं, "सर, पण द्रोणाचार्यांचं बरोबर होतं का?" वर्ग गप्प. मास्तर म्हणाले, "खाली बस. तुम्हा लोकांना सगळीकडं तेच दिसतं."

तुम्हा लोकांना! एका प्रश्नानं मी वर्गातनं उठून वस्तीत जाऊन पडलो.

दहावीनंतर मी सूतगिरणीत लागलो. रिंग फ्रेमवर. धागा तुटला की तो सांधायचा. तो अंगठा आणि पहिलं बोट यांच्या चिमटीत धरून सांधतात. दिवसभरात शेकडो वेळा. पहिल्याच महिन्यात एका रात्री तुटलेली तार हातात धरली असताना मला एकलव्य आठवला. अंगठा मागितला म्हंजे काय मागितलं? पोराची रोजीरोटी मागितली. त्याचं पुढचं सगळं आयुष्य मागितलं. आणि त्याला आमच्या शाळेनं भक्ती म्हणायला शिकवलं. नीतीचा खरा तास माझा त्या रात्री झाला, पण मास्तर नव्हता, पुस्तक नव्हतं, शेजारी बोलायला कुणी नव्हतं. मशीनच्या आवाजात बोलता कुणाशी? जे शाळेत चाळीस पोरांत बोलून व्हायला पाहिजे होतं ते मी एकट्यानं, तेलकट हातानं केलं. सगळ्यांना तसं जमत नाही. माझ्याबरोबरचे दोन जण त्याच वयात बुवाच्या नादाला लागले.

आता कायद्याचं बघू. आपण घटना घटना म्हणतो, पण २८ वं कलम किती जणांनी वाचलंय? पूर्णपणे सरकारी पैशावर चालणाऱ्या शाळेत धर्मशिक्षण देता येणार नाही. सरकारनं मान्यता दिलेल्या किंवा अनुदान दिलेल्या शाळेत कुणावरही धर्मशिक्षणाची किंवा पूजेची सक्ती करता येणार नाही, पोर अज्ञान असेल तर पालकाची संमती लागते. माझ्या शाळेत दरवर्षी पूजा व्हायची. माझ्या बापाला कुणीही विचारलं नाही. विचारलं असतं तर त्यानं सही केली असती का नसती माहीत नाही, पण कुणीतरी आपल्याला विचारतंय, एवढ्यानंच तो दोन इंच उंच झाला असता.

हे कलम घटना समितीत चर्चेला आलं तेव्हा, डिसेंबर १९४८ मध्ये, बाबासाहेबांनी एक फरक स्पष्ट करून सांगितला. एखाद्या धर्माची मतं खरी म्हणून पोरांच्या गळी उतरवणं वेगळं आणि धर्माचा अभ्यास किंवा संशोधन करणं वेगळं. पहिल्याला बंदी, दुसऱ्याला नाही. पुढं २००२ साली सुप्रीम कोर्टानंही अरुणा रॉय यांच्या खटल्यात असाच फरक केला, की धर्मांची माहिती देणं, त्यांचा अभ्यास करणं म्हणजे २८ व्या कलमातलं धर्मशिक्षण नव्हे. म्हणजे आपण ठरावात ज्या दोन गोष्टींची एकच मोळी बांधली, त्या बाबासाहेबांनी स्वतः वेगळ्या केल्या होत्या.

आणि का केल्या, ते त्यांच्या आयुष्याकडं बघा. मुंबईच्या हायस्कुलात त्यांना संस्कृत शिकायचं होतं. शिकू दिलं नाही, फारसी घ्यावी लागली. पुढं त्याच माणसानं त्यांचे ग्रंथ उघडून ओळ न् ओळ तपासली. २५ डिसेंबर १९२७ ला महाडला मनुस्मृती जाळली, ती वाचून, समजून, कारणं सांगून. न वाचता जाळली असती तर ती नुसती शेकोटी झाली असती. १९८७ साली 'रिडल्स इन हिंदुइझम' सरकारनं छापलं तेव्हा राम-कृष्णावरच्या परिशिष्टासाठी केवढा गदारोळ झाला! ते परिशिष्ट काढू नका म्हणून आपली माणसं रस्त्यावर आली. विचार करा, एवढी भीती कशाची वाटली? कुणी देव फोडले नव्हते. एका माणसानं अभ्यास करून प्रश्न विचारले होते. व्यवस्थेला शिवी चालते, मोर्चा चालतो. अभ्यास करून विचारलेला प्रश्न मात्र तिला चालत नाही.

तुम्ही म्हणाल, शाळेत नको, घरी आणि विहारात शिकवू. मी विचारतो, शाळेत तास नसला म्हणून पोराच्या आयुष्यात धर्माचा तास होत नाही काय? रोज होतो. रात्री अकरा वाजता मोबाईलवर होतो. गणपतीच्या मांडवात होतो, टीव्हीवरच्या मालिकेत होतो, निवडणुकीच्या भाषणात होतो. त्या तासाला हजेरी शंभर टक्के असते. तिथं उलटा प्रश्न विचारायची सोय नाही. आपण शाळेचा एक दरवाजा लावून घेतला आणि घराला दहा खिडक्या आहेत हे विसरलो.

म्हणून मी म्हणतो, तास घ्या. पण कुठला? मला विचाराल तर पहिला धडा मुक्ता साळवेचा लावा. फुल्यांच्या शाळेतली मांग समाजाची मुलगी, चौदाएक वर्षांची. १८५५ साली 'ज्ञानोदय'मध्ये तिचा निबंध छापून आला, मांग-महारांच्या दुःखाविषयी. वेद जर ब्राह्मणांचेच, आम्ही ते बघायचेही नाहीत, तर मग आमचा धर्म कुठला, असा सवाल तिनं त्यात केला. शाळकरी पोरीनं विचारलेला एवढा मोठा सवाल महाराष्ट्रात आधी कुणी छापलेला मला ठाऊक नाही. धर्म, तत्त्वज्ञान आणि नीती तिन्ही त्यात आले. आणि ती पोर तेव्हा आपल्या नववीतल्या पोरांच्याच वयाची होती. कोण म्हणतं या वयाच्या पोरांना हे कळत नाही?

दुसरा धडा चार्वाकांचा. त्यांची मतं आपल्याला बहुतेक त्यांच्या विरोधकांच्या पुस्तकांतनं कळतात, कारण त्यांचे स्वतःचे ग्रंथ राहिले नाहीत. का राहिले नाहीत, हाच पोरांना प्रश्न. तिसरा धडा चोखोबाचा, ज्याला देवळाच्या दारातच थांबावं लागलं. चौथा फुल्यांच्या 'सार्वजनिक सत्यधर्म पुस्तका'चा, जे ते गेल्यावर १८९१ साली निघालं. पाचवा वेदोक्ताचा. आपल्या कोल्हापूरच्या शाहू महाराजांना, राजा असून, वेदोक्त मंत्र नाकारले. राजाला जर शूद्र म्हणतात तर धर्मात सत्ता कुणाची असते? ज्या माणगावात मार्च १९२० मध्ये महाराजांनी परिषदेत बाबासाहेबांना आपला पुढारी म्हणून पुढं केलं, ते माझ्या गावापासनं सायकलच्या अंतरावर आहे. माझ्या शाळेनं ती जागा आम्हाला एकदाही दाखवली नाही. सहल मात्र देवस्थानाला गेली.

गीताही शिकवा, कुराण-बायबलही शिकवा, ग्रंथसाहेबही शिकवा. मी भीत नाही. गीतेत कामावर हक्क, फळावर नाही असं सांगितलंय, हे वाक्य सूतगिरणीतल्या कामगाराच्या पोरांपुढं ठेवा आणि चर्चा होऊ द्या. कुणी म्हणेल यात मनाची शांती आहे. कुणी म्हणेल हे पगारवाढ मागणाऱ्याला सांगायला सोयीचं आहे. दोघांनाही बोलू द्या, दोघांनाही कारणं द्यायला लावा.

आणि मग सिगालोवाद सुत्त घ्या. बुद्ध सिगाल नावाच्या गृहस्थाच्या पोराला सहा दिशा समजावून सांगतो. खालची दिशा म्हणजे नोकर आणि कामगार. मालकानं त्यांच्याशी पाच प्रकारे वागायचं. ताकद बघून काम द्यायचं, जेवण आणि मजुरी द्यायची, आजारपणात काळजी घ्यायची, चांगलंचुंगलं वाटून खायचं, वेळच्या वेळी सुट्टी द्यायची. कामगारानंही पाच गोष्टी करायच्या, त्याही तिथं आहेत, त्या मी लपवत नाही. दिलं तेवढंच घ्यावं, काम नीट करावं. आता ही पाच बोटं घेऊन मी माझ्या खात्यात उभा राहतो. कापसाच्या उडत्या रुईनं छाती भरते. सुट्टीनंतर कामावर आलं की पहिल्या दिवशी छाती आवळते, डॉक्टर त्याला बिसिनोसिस म्हणतात. माझ्या शेजारचा ठेकेदाराचा माणूस तापानं चार दिवस घरी राहिला तर पाचव्या दिवशी त्याच्या जागी दुसरा उभा होता. हे बरोबर की चूक? चूक असेल तर कुणाची? यालाच मी नीतिशास्त्र म्हणतो. पहाटे उठा, मोठ्यांच्या पाया पडा, एवढ्यावर जे नीतिशास्त्र संपतं ते मालकाच्या पोराला आयुष्यभर पुरतं. आमच्या पोरांना नाही.

तुमचा सगळ्यात मोठा आक्षेप मला माहीत आहे. तास घेणार कोण? तोच मास्तर, तीच नजर, तेच 'तुम्हा लोकांना'. पुस्तक मुक्ता साळवेचं असलं तरी तोंड त्याचंच. हा आक्षेप खरा आहे, आणि माझ्याकडं त्यावर पूर्ण औषध नाही. पण थोडं आहे. इंग्लंडात १९४४ च्या कायद्यानं सरकारी शाळांत धर्माचा विषय सक्तीचा झाला, पालकाला पोर काढून घ्यायचा हक्क ठेवून. तो तेव्हा मुख्यतः ख्रिस्ती धर्मशिक्षणाचाच तास होता. हळूहळू बदलत गेला. २०१६ पासून तिथं सोळाव्या वर्षाच्या परीक्षेला हा विषय घेणाऱ्या पोराला दोन धर्म अभ्यासावे लागतात, त्यात बौद्ध धम्मही घेता येतो, आणि पेपरात दोन्ही बाजू मांडून स्वतःचं मत कारणासकट द्यावं लागतं. तिथंही तराजूचं पारडं ख्रिस्ती बाजूला झुकलेलं आहे, कायद्यातच तसं लिहिलंय. ते जसंच्या तसं उचला असं मी म्हणत नाही. पण मास्तर वाईट असला तरी प्रश्नपत्रिकेतच 'तुझं मत काय आणि का' असं छापलेलं असेल, तर त्याला 'खाली बस' म्हणणं अवघड जातं. माझ्या एकलव्याच्या तासाला तेवढं जरी असतं!

म्हणून नुसतं 'नको' म्हणण्यापेक्षा अटी घाला. पाठांतर नाही, स्पर्धा नाही, आरती-प्रार्थना नाही. कुठल्याही ग्रंथातला गोड उतारा द्यायचा असेल तर त्याच ग्रंथातला कडूही द्यायचा. देव न मानणाऱ्यांनाही जागा. पुस्तक तयार करणाऱ्या समितीत ज्यांना धर्मानं बाहेर ठेवलं त्यांची माणसं, बाया धरून. आणि गुण प्रश्नाला, होकाराला नाही. या अटींवर भांडलो तर सरकारला नुसतं 'मनुस्मृती येणार नाही' असं सांगून सुटता येणार नाही.

आता शेवटचं, आणि हे लिहायला मला जड जातंय.

आपण रविवारी विहारात पोरांचा वर्ग घेतो. मीही घेतो. वंदना पाठ, बावीस प्रतिज्ञा पाठ, बाबासाहेबांच्या पदव्या पाठ. मागं नववीतल्या एका पोरीनं मला विचारलं, "दादा, बुद्ध देव नाही म्हणता, मग माझी आई मेणबत्ती लावून त्याच्याकडं मागणं मागते ते कसं?" पोरंबाळं हसली. मी वैतागलो. रात्रपाळी झाली होती. मी म्हणालो, "बाबासाहेबांनी सांगितलंय तेवढं कर. गप खाली बस."

खाली बस. मित्रांनो, हे दोन शब्द माझ्या तोंडातनं निघाले. ज्या मास्तराला मी इतकी वर्षं शिव्या दिल्या तो माझ्याच घशात बसलेला होता. ती पोर पुढचे दोन रविवार आली नाही.

बुद्धानं कालामांना काय सांगितलं होतं? परंपरा आहे म्हणून मानू नका, ग्रंथात आहे म्हणून मानू नका, हा आपला गुरू आहे म्हणूनही मानू नका, स्वतः तपासा. आणि बाबासाहेबांनी 'बुद्ध आणि त्याचा धम्म' लिहिताना तेच केलं. ते पुस्तक १९५७ साली, ते गेल्यावर निघालं. त्याच्या प्रस्तावनेतच त्यांनी विचारलंय, सिद्धार्थानं म्हातारा, आजारी, प्रेत बघितलं आणि घर सोडलं, हे कसं पटावं? एकोणतीस वर्षांच्या माणसाला हे आधी दिसलंच नाही काय? जो धम्म ते स्वीकारत होते त्यालाच त्यांनी आधी प्रश्नांच्या कसोटीवर ओढलं. आणि आपण त्यांच्याच नावानं एका पोरीला गप्प केलं.

मी तिच्या घरी गेलो. माफी मागितली. तिची आई घाबरली, म्हणाली, "काय चुकलं काय पोरीचं?" मी म्हणालो, "तिचं न्हाई, माझं चुकलं." पोर आता येते. तिच्या प्रश्नाचं उत्तर मी अजून नीट दिलेलं नाही. आम्ही दोघं मिळून शोधतोय. तिच्या आईलाही विचारलं. ती म्हणाली, "मागणं न्हाई मागत, बोलते त्याच्याशी. दुसरं कोण ऐकतंय?" आता या उत्तराचं काय करायचं ते तुम्हीच सांगा. माझ्या तरी कुठल्या पुस्तकात ते नव्हतं.

पुढच्या बैठकीत मी ठरावाला दुरुस्ती मांडणार आहे. शाळेत धर्माचा प्रचार नको, धर्माची तपासणी पाहिजे. आणि ती सुरुवात आपल्या रविवारच्या वर्गापासनं. ज्याला विरोध करायचा त्यानं करावा. पण हात वर करण्याआधी मला एकदा तरी प्रश्न विचारावा. मी कुणाला खाली बस म्हणणार नाही.

जयभीम.